तक्रारीपासून ठरावापर्यंत

(विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना राहायला खोली लागते, परवडणारे जेवण लागते, आजारपणात डॉक्टर लागतो. या गरजा कोणी मांडायच्या आणि त्या पुऱ्या कशा करून घ्यायच्या? फिनलंड या देशातील विद्यार्थी संघांनी हे काम कसे केले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'तक्रार' हा शब्द तुम्हांला मराठी शिकण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, हुज्जत. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. शब्द एकाच घरचा, पण दोन भाषांत त्याने दोन वाटा धरल्या. या दोन अर्थांमधील अंतर नीट ध्यानात ठेवा. आजचा पाठ त्या अंतराविषयीच आहे.

समजा, शाळेतील नळाला पाणी येत नाही म्हणून चार मुले आपापसांत मोठमोठ्याने भांडली. ही झाली उर्दूतली तकरार. त्याच मुलांनी किती नळ बंद आहेत ते मोजले, अर्ज लिहिला, वर्गातील सर्वांच्या सह्या घेतल्या आणि तो अर्ज मुख्याध्यापकांना नेऊन दिला. ही झाली मराठीतली तक्रार. पहिलीने घसा कोरडा पडतो. दुसरीने नळ दुरुस्त होण्याची आशा असते.

शाळेत तुमची अडचण पाहायला शिक्षक असतात. घरी अम्मी-अब्बा असतात. विद्यापीठात गेल्यावर मात्र पुष्कळ गोष्टी बदलतात. दूरच्या गावाहून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला खोली स्वतः शोधावी लागते, दोन वेळच्या जेवणाची सोय करावी लागते आणि ताप आला तर दवाखानाही स्वतःच शोधावा लागतो. अशा विद्यार्थ्याने एकट्याने कार्यालयात जाऊन अडचण सांगितली, तर 'उद्या या' असे उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त असते. म्हणून विद्यार्थी एकत्र येतात आणि आपले प्रतिनिधी निवडतात. त्यांच्या संस्थेला विद्यार्थी संघ म्हणतात.

विद्यार्थी संघ म्हटले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोर्चे आणि घोषणा येतात. मोर्चा हा संघाच्या कामाचा एक भाग असू शकतो, पण तेवढेच म्हणजे संघ नव्हे. मोजणे, लिहिणे, बैठकीला बसणे, हिशेब ठेवणे आणि पाठपुरावा करणे, हे त्याचे खरे काम. ते कसे चालते, हे पाहण्यासाठी आपण हेलसिंकी या शहरात जाऊ.

हेलसिंकी हे नाव तुम्ही कदाचित ऐकले असेल. १९५२ साली तेथे ऑलिंपिक सामने झाले. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान खाशाबा जाधव यांनी त्याच सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारतातील खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. हे हेलसिंकी म्हणजे युरोपच्या उत्तरेकडील फिनलंड देशाची राजधानी. तेथे हिवाळा लांब आणि अतिशय कडक असतो. अशा थंडीत डोक्यावर छप्पर आणि पोटात गरम अन्न नसेल, तर पुस्तकात मन कसे लागणार?

हेलसिंकीचे विद्यापीठ जुने आहे. ते १६४० साली तुर्कू या शहरात सुरू झाले. १८२७ साली तुर्कूला मोठी आग लागली. शहराचा बराचसा भाग जळून गेला. त्यानंतर १८२८ साली विद्यापीठ हेलसिंकीला आणण्यात आले. त्या काळी फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती. याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा संघ १८६८ साली स्थापन झाला.

संघ स्थापन झाला, पण बसायला जागा हवी. विद्यार्थ्यांजवळ पैसा नव्हता. तेव्हा देशभरातून देणग्या गोळा करण्यात आल्या. गावोगावच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे मदत केली आणि १८७० साली विद्यार्थ्यांची स्वतःची इमारत उभी राहिली. तिच्या दर्शनी भागावर लॅटिन भाषेत चार शब्द कोरलेले आहेत. 'देशाने आपल्या आशेला हे दिले', असा त्यांचा अर्थ. देशाची आशा म्हणजे विद्यार्थी. विचार करा, ज्यांनी पैसे दिले त्यांतील कितीतरी लोकांनी विद्यापीठाचे तोंडही पाहिले नसेल. त्यांनी दिलेल्या पैशाने विद्यार्थ्यांवर जबाबदारीही टाकली.

ती इमारत त्या वेळी शहराच्या कडेला होती. पुढे शहर वाढले आणि इमारत मध्यवस्तीत आली. संघाने तिच्या आसपास आणखी इमारती बांधल्या. त्यांतील जागा भाड्याने देऊन संघाला उत्पन्न मिळू लागले. त्यामुळे प्रत्येक कामासाठी दुसऱ्यापुढे हात पसरण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. १९१३ साली विद्यार्थ्यांचे स्वतःचे वृत्तपत्रही निघू लागले. आपली अडचण आपल्याच शब्दांत मांडण्याचे ते एक साधन होते.

आता आरोग्याची गोष्ट पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये क्षयरोगाने थैमान घातले होते. क्षयरोग म्हणजे टी.बी. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. ऐन उमेदीतली माणसे खोकत खोकत दगावत. दाटीवाटीने राहणाऱ्या, अर्धपोटी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना तर या रोगाचा धोका मोठाच होता. रोग लवकर ओळखला, तर रुग्णाला विश्रांती देता येते आणि त्याच्या सोबत्यांनाही वाचवता येते. पण तपासणी करणार कोण?

फिनलंडमधील विद्यार्थी संघांनी १९२१ साली एकत्र येऊन आपला राष्ट्रीय महासंघ स्थापन केला होता. या महासंघाने १९३० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा प्रश्न हाती घेतला. क्षयरोगाविरुद्धच्या लढ्यातून या कामाची सुरुवात झाली. पुढे १९५४ साली महासंघाने विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेसाठी एक स्वतंत्र संस्था उभी केली. विद्यार्थी आपल्या संघाच्या वर्गणीबरोबर थोडी आरोग्य फी भरत आणि त्यांना डॉक्टरांची सेवा मिळे. क्षयरोगाचे भय ओसरले, तरी संस्था बंद पडली नाही. दातांचे दुखणे, परीक्षेची चिंता, मनाची उदासी अशा अडचणींवरही तेथे उपचार होऊ लागले. २०२१ पासून तंत्रशिक्षण आणि व्यावसायिक उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थांतील विद्यार्थ्यांनाही ही सेवा खुली झाली. आता तिचा मोठा खर्च सरकार उचलते.

येथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? 'आम्हांला डॉक्टर द्या' एवढी मागणी करून विद्यार्थी थांबले नाहीत. त्यांनी स्वतः कामाला सुरुवात केली. ते काम उपयोगाचे आहे हे दिसून आले. ज्या कामाचा उपयोग डोळ्यांना दिसतो, त्याला पैसा देताना सरकारलाही फार काळ मागेपुढे पाहता येत नाही.

घरांचा प्रश्नही असाच बिकट होता. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडमध्ये घरांची फार टंचाई झाली. हेलसिंकीजवळ ओतानिएमी नावाचे ठिकाण आहे. तंत्रविद्येच्या विद्यार्थी संघाने तेथे विद्यार्थ्यांची वसाहत बांधायचे ठरवले. बांधकामाचे सामान मिळणे कठीण होते. तेव्हा युद्धात बाँब पडून कोसळलेल्या इमारतीच्या विटा वापरण्यात आल्या. घरे उभी करण्यासाठी विद्यार्थ्यांनी शिकस्त केली. १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी काही देशांचे खेळाडू याच वसाहतीत उतरले होते. सामने संपले, खेळाडू गेले आणि त्या खोल्यांत विद्यार्थी राहू लागले. पुढे १९६९ साली हेलसिंकी भागातील विद्यार्थी संघांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांच्या घरांसाठी एक कायमची संस्था स्थापन झाली. आज हजारो विद्यार्थी तिच्या घरांत राहतात.

जेवणाचेही तसेच. संघाने विद्यार्थ्यांसाठी अनेक वर्षे स्वतःच्या खानावळी चालवल्या. तरीही गरीब विद्यार्थ्याला रोजचे जेवण महाग पडे. विद्यार्थी संघांनी हा प्रश्न सरकारपुढे मांडला. १९७९ पासून विद्यार्थ्याच्या प्रत्येक जेवणामागे सरकार काही रक्कम देऊ लागले. मात्र त्यासाठी खानावळीला नियम पाळावे लागतात. थाळीत मुख्य पदार्थासोबत भाजी, पाव आणि पेय असलेच पाहिजे. ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे विद्यार्थ्याकडून घेता येत नाहीत.

हे सारे वाचून तुम्हांला वाटेल, की या संघाचे सगळे नेहमीच चांगले चालले. तसे नाही. २५ नोव्हेंबर १९६८ ची रात्र पाहा. दुसऱ्या दिवशी हेलसिंकीच्या विद्यार्थी संघाला शंभर वर्षे पुरी होणार होती. समारंभाची तयारी झाली होती. त्याच रात्री काही विद्यार्थी संघाच्या जुन्या इमारतीत घुसले आणि त्यांनी तिचा ताबा घेतला. ते बाहेरचे कोणी नव्हते, संघाचेच सभासद होते. आपला संघ श्रीमंत झाला, त्याच्या नेत्यांना मानपान आवडू लागला आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांकडे त्यांचे लक्ष उरले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यापीठाचा कारभार केवळ प्राध्यापकांच्या हाती नसावा, विद्यार्थ्यांनाही मत असावे, ही मागणी त्या काळी जोरात होती.

इमारतीचा ताबा घेणे योग्य होते की नाही, यावर तुम्ही वर्गात चर्चा करा. पण त्या रात्रीने एक प्रश्न सर्वांसमोर ठेवला. संघ विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाला जाब विचारतो, मग संघाला जाब कोण विचारणार? त्याचे उत्तर एकच आहे. संघाचे सभासद.

प्रत्येक माणसाला एक सारखे मत, ही मागणी जशीच्या तशी मंजूर झाली नाही. १९७० साली त्याविषयीचे विधेयक संसदेत आले. विरोधी बाजूने भाषणे लांबवली आणि ते विधेयक अडले. पण विषय संपला नाही. विद्यार्थ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. आजच्या फिनलंडमधील २००९ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्राध्यापक, इतर कर्मचारी आणि विद्यार्थी असे तीन गट विद्यापीठाच्या कारभारात भाग घेतात. विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी विद्यार्थी संघ निवडतो. विधेयक अडले, पण मागणीचा मोठा भाग पुढे कायद्यात आला. त्याला बराच काळ लागला. १९६८ साली आवाज उठवणारे विद्यार्थी तोवर विद्यापीठातून बाहेर पडले होते. त्यांच्या मागणीचे फळ त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना मिळाले.

आता हेलसिंकीच्या संघाचे रोजचे काम कसे चालते ते पाहू. दर दोन वर्षांनी निवडणूक होते. विद्यार्थी ६० प्रतिनिधी निवडतात. एखाद्या विद्यार्थ्याने अडचण सांगितली, की ती त्याच्या एकट्याची आहे की अनेकांची, हे आधी पाहावे लागते. मग माहिती गोळा होते. प्रतिनिधींच्या सभेत चर्चा होते आणि ठराव होतो. तो ठराव घेऊन प्रतिनिधी विद्यापीठाच्या बैठकीत बसतात. काही मागण्या लगेच मान्य होतात, काहींना 'नाही' असे उत्तर मिळते. 'नाही' म्हटल्यावर कारण विचारायचे, ते समजून घ्यायचे आणि पुन्हा तयारीने जायचे.

तुम्हांला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. फिनलंडमध्ये फिनिश आणि स्वीडिश अशा दोन राष्ट्रीय भाषा आहेत. स्वीडिश बोलणाऱ्यांची संख्या थोडी आहे. तरीही हेलसिंकीचा विद्यार्थी संघ दोन्ही भाषांत कारभार करतो. ज्याला सूचनाच कळली नाही, तो तक्रार तरी कशी करणार? तुम्ही घरात आणि शाळेत उर्दू बोलता आणि येथे मराठी शिकत आहात. कार्यालयातील अर्ज, फलकावरील सूचना, बैठकीतील चर्चा ही आपल्या राज्यात बहुतेक मराठीत असते. ती समजली, म्हणजे आपला हक्क आपल्याला स्वतः मांडता येतो. आणि आनंदाची गोष्ट ही, की अर्ज, हक्क, मंजूर, शिफारस, जबाबदारी हे त्या कारभारातले शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत.

आपल्याकडेही विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींसाठी कायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यात महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत विद्यार्थी परिषद असावी, अशी तरतूद आहे. तीत विद्यार्थिनींच्या प्रतिनिधीसाठी जागा राखलेली आहे. विद्यार्थी निवडणुकांत पैसा आणि दांडगाई शिरू नये, म्हणून लिंगडोह समितीने काही शिफारशी केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्या लागू केल्या. उमेदवाराची वर्गातील हजेरी किमान ७५ टक्के असावी, छापील भित्तिपत्रके लावू नयेत आणि एका उमेदवाराने ५,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च करू नये, असे त्यांत सांगितले आहे. ज्याला इतरांच्या अभ्यासाची सोय पाहायची आहे, त्याने आधी स्वतः वर्गात बसले पाहिजे, हे किती रास्त आहे!

मित्रांनो, काही वर्षांत तुम्ही महाविद्यालयात जाल. तेथे तुम्हांला अडचणी येतील. कोणी म्हणेल, 'जाऊ दे, आपल्याला काय करायचे?' कोणी म्हणेल, 'चला, काचा फोडू.' या दोघांचेही ऐकू नका. पहिल्याच्या वाटेने काही बदलत नाही आणि दुसऱ्याच्या वाटेने फुटलेल्या काचेचा खर्च शेवटी आपल्याच फीमधून जातो. तुम्ही आधी मोजा. मग लिहा. दहाजणांना विचारा. ठराव करा. तो योग्य माणसाकडे न्या. त्याच्या पोचपावतीवर तारीख घ्या आणि त्या तारखेनंतर पुन्हा जा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. तुम्ही मागितलेली खोली कदाचित तुम्हांला मिळणार नाही. ती तयार होईपर्यंत तुमची परीक्षा होऊन गेलेली असेल. पण तुमच्या मागून दूरच्या गावाहून एखादी मुलगी पेटी घेऊन त्या शहरात उतरेल. त्या खोलीचे दार तिच्यासाठी उघडेल. दार कोणी मागितले होते, हे तिला कळणारही नाही. तरीही ते मागायचे असते.

शब्दार्थ

हुज्जत : वाद, भांडण
पाठपुरावा करणे : काम होईपर्यंत सतत मागे लागणे
ऐपत : पैसा खर्च करण्याची ताकद
थैमान घालणे : सगळीकडे पसरून नुकसान करणे
दगावणे : मरण पावणे
टंचाई : कमतरता
शिकस्त करणे : होता होईल तेवढा प्रयत्न करणे
जाब विचारणे : केलेल्या कामाचे उत्तर मागणे
विधेयक : कायद्याचा मसुदा
ठराव : सभेने मिळून घेतलेला निर्णय
तरतूद : आधी करून ठेवलेली सोय
रास्त : योग्य
पोचपावती : कागद मिळाल्याची लेखी खूण

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हेलसिंकीचा विद्यार्थी संघ कोणत्या साली स्थापन झाला?
(आ) संघाच्या जुन्या इमारतीवर कोरलेल्या शब्दांचा अर्थ काय?
(इ) विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे काम कोणत्या रोगाविरुद्धच्या लढ्यातून सुरू झाले?
(ई) लिंगडोह समितीच्या शिफारशींप्रमाणे उमेदवाराची हजेरी किती असावी?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विद्यार्थ्यांनी १९६८ साली आपल्याच संघाच्या इमारतीचा ताबा का घेतला?
(आ) 'विधेयक अडले, पण मागणीचा मोठा भाग पुढे कायद्यात आला', असे लेखात का म्हटले आहे?
(इ) दोन भाषांत कारभार केल्यामुळे विद्यार्थ्यांचा कोणता फायदा होतो?

३. 'तक्रार' या शब्दाप्रमाणे 'शिकस्त' या शब्दाचाही उर्दूतील आणि मराठीतील अर्थ वेगळा आहे. दोन्ही अर्थ लिहा आणि मराठी अर्थाने त्याचा वाक्यात उपयोग करा.

४. पाठातून असे पाच शब्द शोधा, जे उर्दूत आणि मराठीत जवळजवळ एकाच अर्थाने वापरतात.

५. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके कमी आहेत, असे समजा. पुस्तके मोजून, किती विद्यार्थ्यांना ती हवी आहेत हे विचारून, मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.